मनाचे उचंत खाते

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मनाविषयी लिहायला घेतले की कला शाखेतील मित्र गालातल्या गालात हसतात. मनाचा मक्ता त्यांचा, आमचा मक्ता नामे आणि जमेचा. पण मला जे सांगायचे आहे ते मला वहीखात्यातूनच उमगले, म्हणून सुरुवातही तेथूनच करतो. कला आणि विज्ञान शाखेच्या वाचकांनी पहिले दोन परिच्छेद सहन करावेत.

आमच्याकडे तेरीज नावाचा एक प्रकार असतो. खतावणीतील सगळ्या खात्यांच्या शिल्लक रकमा एका कागदावर मांडायच्या, नावेच्या एका बाजूला आणि जमेच्या दुसऱ्या. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. ती येत नाही. पुन्हा करा, तरी येत नाही. रात्रीचे अकरा वाजतात, डोळ्यांपुढे आकडे नाचू लागतात, आणि दोनशे सत्तर रुपयांचा फरक काही केल्या हलत नाही. अशा वेळी शहाणा कारकून वही फाडत नाही. तो फरकाची रक्कम एका तात्पुरत्या खात्यात टाकतो, तेरीज जुळवतो आणि पुढच्या कामाला लागतो. पुढे चूक सापडली की दुरुस्तीची नोंद होते आणि ते तात्पुरते खाते बंद होते.

या खात्याला वर्गात 'सस्पेन्स अकाउंट' म्हणतात. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षी हे नाव प्रथम कानावर पडले तेव्हा मला खरोखरच रहस्यपट आठवला. माझे काका बेळगावच्या रविवार पेठेत एका घाऊक दुकानात दिवाणजी आहेत. त्यांना विचारले तर म्हणाले, "त्यात काय रे एवढं! उचंत खातं म्हण की." उचंत म्हणजे तात्पुरते, अजून कोणाच्या नावावर न बसवलेले. वाईट मनःस्थिती ही अशी उचंत खात्यातली रक्कम असते आणि आपण ती उचलून थेट भांडवल खात्याला लावतो, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मला कसे पटले त्याची हकीकत आधी सांगतो.

पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षी सहामाहीचे निकाल दिवाळीनंतर लागले. हे कॉलेज निराळे होते. हिशेबशास्त्रात मला पन्नासपैकी चौदा गुण मिळाले. गुण सर्वांसमक्ष वाचून दाखवण्याची तेथे पद्धत होती. चौदा हा आकडा वाचला गेला, मागच्या बाकावर कोणीतरी हसले, आणि त्या क्षणी मला स्वतःविषयी सारे काही स्वच्छ कळले असे वाटले. आपण इथले नव्हे. आपल्याला इंग्रजी कधीच येणार नाही. बाबांनी फी भरली ती वाया गेली. त्या दिवशी दुपारी मी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहिला. गंमत अशी, की इंग्रजी येत नाही म्हणून कॉलेज सोडण्याचा तो अर्ज मी इंग्रजीतच लिहिला होता आणि नंतर तपासला तेव्हा त्यात व्याकरणाची एकही चूक सापडली नाही.

तो शनिवार होता. अर्ज घेऊन कचेरीच्या खिडकीशी गेलो तेव्हा खिडकी बंद होत होती. आतून आवाज आला, "सोमवारी या." मी खानापूरची बस धरली आणि घरी आलो.

गावाकडे सुगी चालू होती. रविवारी पहाटे धुक्यातच सारे खळ्यावर गेलो, भाताची मळणी होती. मी कोणाशी बोलत नव्हतो. आईने विचारले, "काय झालंय रे? तोंड का असं केलास?" मी काहीच नाही म्हणालो. अर्ज शर्टाच्या खिशात होता. अकराच्या सुमारास बैलाने आमच्या भाकरीच्या गाठोड्यात तोंड घातले. आजी हातातली सूप टाकून धावली आणि त्याच्याशी कडकडून कन्नडात भांडू लागली. हा बैल गोकाककडून आणलेला, त्यामुळे त्याला मराठी कळत नाही, असा आमच्या आजीचा ठाम समज आहे. बैल शांतपणे भाकरी खात राहिला आणि आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. मीही हसलो. हसता हसता माझ्या ध्यानात आले की सकाळपासून छातीवर असलेला दगड तेथे नाही. तो केव्हा गेला हे मला कळलेच नव्हते.

एक गोष्ट मी तेव्हापासून विसरलेलो नाही. चौदा गुण चौदाच होते. इंग्रजी तेवढेच कच्चे होते, बाबांची फी परत आली नव्हती, अर्ज खिशात होता. बाहेरच्या जगातला एकही आकडा बदलला नव्हता आणि तरी मनःस्थिती बदलली होती. म्हणजे ही दोन खाती वेगळी आहेत. शनिवारी मी समजत होतो की माझे दुःख म्हणजे त्या चौदा गुणांची बिनचूक बेरीज आहे. ती तशी असती, तर गुण बदलल्याशिवाय ती हलायला नको होती.

खरे सांगायचे तर सोमवारी कॉलेजचे फाटक दिसताच तो दगड पुन्हा आला. हे लपवून ठेवले तर हा लेख खोटा होईल. पण या वेळी तो जातो हे मला माहीत होते, कारण तो गेलेला मी पाहिला होता. मी खिडकीकडे गेलो नाही. संध्याकाळी काकांकडे गेलो.

काकांनी माझी उत्तरपत्रिका पाहिली, तेरीज पाहिली, फरक पाहिला. "दोनशे सत्तर. नऊनं भाग जातोय काय बघ." भाग जात होता. "मग कुठंतरी आकडे उलटे टाकलायस." सहाशे तीसच्या जागी मी तीनशे साठ लिहिले होते. कोणत्याही संख्येतील शेजारचे दोन अंक उलटे पडले की येणाऱ्या फरकाला नऊने भाग जातो; ही युक्ती जगातले सगळे हिशेबनीस वापरतात आणि आम्हाला ती वर्गात कोणी सांगितली नव्हती. माझी चूक इंग्रजीची नव्हती, नशिबाची तर नव्हतीच. घाईत अंक उलटे पडले होते. पुढे अशा आणखी पाच-सहा चुका निघाल्या, आणि इंग्रजी खरोखर कच्चे आहे हेही निघाले, त्यावर दोन वर्षे घासावे लागले. पण ते दुरुस्तीचे काम होते, आणि दुरुस्तीचे काम शनिवारच्या मनाने होणारे नव्हते.

आता थोडे भाषेविषयी. आमच्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत, म्हणून हे येथे लिहिण्यात औचित्य आहे. आपण मराठीत म्हणतो, मला राग आला, कंटाळा आला, रडू आले. राग कोठून तरी येतो, आपल्याला येऊन भेटतो, आणि आला तसा जातो. कन्नडमध्येही तीच रीत: 'ननगे सिट्टु बंतु', मला राग आला, 'ननगे बेसर आयितु', मला उदास वाटले, शब्दशः पाहिले तर 'मला उदासी झाली'. (कन्नड विभागातील मित्रांनी माझे उच्चार सुधारून घ्यावेत.) दोन निराळ्या कुळांतल्या भाषा, पण दोघींच्याही मते माणूस घरमालक आणि भावना पाहुणी. मराठीत दुसरीही रचना आहे, नाही असे नाही: मी दुःखी आहे, मी निराश आहे. इथे पाहुणी घरात राहत नाही, घरच होऊन बसते. अलीकडे मी स्वतःवर एक पाळत ठेवली आहे. 'निराशा आली' असे म्हणता म्हणता 'मी निराश आहे' वर केव्हा घसरलो, ते पाहायचे. बहुधा त्या घसरणीच्या सुमारास रात्रीचे जागरण झालेले असते.

माझी ताई बी.ए.ला मराठी घेऊन शिकली. तिच्या वहीत मला याच विचाराचे फार जुने टिपण सापडले. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भावांची वर्गवारी आहे. त्यात आठ भाव स्थायी मानलेले आहेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. आणि तेहतीस भाव व्यभिचारी. हा शब्द ऐकून वर्गात खसखस पिकते असे ताई म्हणते, पण अर्थ साधा आहे: फिरते, येऊन जाणारे. त्यांनाच संचारी भाव असेही म्हणतात. ही तेहतीसांची यादी मी उत्सुकतेने वाचली. निर्वेद, ग्लानी, शंका, असूया, दैन्य, चिंता, विषाद, जडता... आमच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यातले सारे सोबती तिच्यात आहेत. त्यांच्याच पंक्तीला श्रम, निद्रा आणि व्याधीही बसवल्या आहेत. म्हणजे थकवा आणि झोप यांची गणना चिंतेच्या शेजारीच केली आहे. आणि हर्षही त्याच यादीत आहे. पहिला नंबर आल्याचा आनंदही फिरताच. हे मला थोडे लागले, पण ते बरोबरच आहे. निकालाच्या दिवशीचे पेढे चौथ्या दिवशी कोण आठवतो?

मग प्रश्न उरतो, की इतके येणेजाणे रोज पाहूनही प्रत्येक वेळी आपण फसतो का? याची उत्तरे मानसशास्त्रात बऱ्यापैकी मिळतात. गॉर्डन बॉवर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली मनःस्थिती आणि स्मरण यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. संमोहनाने काहींना आनंदी आणि काहींना खिन्न मनःस्थितीत नेऊन लहानपणीच्या गोष्टी आठवायला सांगितल्या, तेव्हा आनंदी माणसांना सुखाच्या गोष्टी अधिक आठवल्या, खिन्न माणसांना दुःखाच्या. म्हणजे खिन्न मन जुन्या वह्या उघडते खरे, पण त्यातली तोट्याचीच पाने काढते, आणि तेवढ्यावरून 'नेहमी असेच होते' असा ताळेबंद मांडते. त्या शनिवारी मला सातवीतला नापास पेपर आठवला होता, दहावीत गणितात मिळालेले ब्याऐंशी गुण आठवले नव्हते. असा ताळेबंद घेऊन कोणी बँकेत कर्ज मागायला गेले तर लेखापरीक्षक काय म्हणेल?

दुसरे संशोधन डॅनिअल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९९८ सालचे. आमच्या प्राध्यापक मंडळींना ते विशेष रुचेल, कारण त्यातला एक भाग प्राध्यापकांवरच आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातील सहायक प्राध्यापकांना विचारले की तुमची नोकरी कायम झाली नाही तर पुढची काही वर्षे तुम्ही किती दुःखी असाल? त्यांनी वर्षानुवर्षांच्या दुःखाचा अंदाज दिला. मग ज्यांची नोकरी पूर्वी खरोखरच कायम झाली नव्हती त्यांना गाठले. त्यांच्यात आणि नोकरी कायम झालेल्यांत समाधानाचा तेवढा फरक आढळला नाही. प्रेमभंग, निवडणुकीतला पराभव, नोकरीसाठी मिळालेला नकार यांवरही त्यांनी अशीच पाहणी केली, आणि दर वेळी माणसांनी आपले दुःख होते त्याहून लांबणीचे धरले होते. दुःख होणार हा अंदाज चुकत नाही, त्याची मुदत चुकते. धनकोने मुद्दल बरोबर लिहावे आणि कालावधीच्या रकान्यात दहापट आकडा टाकावा, तसे.

याचे एक कारण विल्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले. पुढचा काळ कल्पिताना आपण ती एकच घटना डोळ्यांपुढे धरतो आणि बाकीचा दिवस विसरतो. फुटबॉलचा सामना हरल्यावर किती वाईट वाटेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना करायला सांगितला. ज्यांना आधी त्या दिवसांतली आपली इतर कामे लिहून काढायला लावली, त्यांचे अंदाज सौम्य आले. शनिवारी मी सोमवारची कल्पना केली तेव्हा तिच्यात फक्त चौदा हा आकडा होता. तिच्यात आजी नव्हती, बैल नव्हता.

स्वीकार याचा अर्थ काय, हे येथे सांगायला हवे, कारण तो शब्द फार सैल वापरला जातो. वाईट वाटणे ढकलून देणे म्हणजे स्वीकार नव्हे. डॅनिअल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार मुळीच करू नका असे सांगितले आणि विचार आला की घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजतच राहिल्या. मनाला 'तू उदास होऊ नकोस' अशी ताकीद देणे म्हणजे घंटी हातात देण्यासारखेच. उलट, परिस्थितीपुढे मान तुकवणे म्हणजेही स्वीकार नव्हे. फी भरायला पैसे नाहीत, वर्गातली भाषा कळत नाही, ही दुःखे मनःस्थिती बदलल्याने मिटत नाहीत. ती खरी देणी आहेत आणि त्यांच्यासाठी हातपायच हलवावे लागतात. उचंत खात्यातही रक्कम लपवलेली नसते. ती तेरजेत ठळकपणे दिसते. फक्त तिच्या पायी बाकीची वही अडून राहत नाही.

मी काय करतो ते सांगतो, सर्वांना लागू पडेल असा दावा नाही. मन खराब असले की वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि वेळ घालून एक ओळ लिहितो: आज अमुक वाटते आहे. कारण लिहिलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा एक ओळ. आणि मोठा निर्णय, म्हणजे कॉलेज सोडणे, मित्राशी कायमचे बोलणे तोडणे, कोणाला लांबलचक निरोप पाठवणे, तो त्या दोन ओळींच्या मध्ये घेत नाही. माझ्यासाठी हे काम एकदा बंद खिडकीने केले. प्रत्येक वेळी खिडकी बंद असेलच असे नाही. आमच्या वर्गात मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर निराशेचे वाक्य 'स्टेटस' म्हणून लावण्याची रीत आहे. त्या यंत्राचे मला कौतुक वाटते. चोवीस तासांनी ते वाक्य आपोआप पुसले जाते. लावणारा मात्र ते कायमचे आहे असे समजून लावतो.

दोन बाबतींत मात्र वाचकांनी माझ्या म्हणण्याचा गैरसमज करून घेऊ नये. भरतांनी शोक स्थायी भावांत घातला आहे, फिरत्यांत नव्हे. ज्याच्या घरातले माणूस गेले आहे त्याला 'जाईल हे दुःख' म्हणणे हा उद्धटपणा होय. तेथे फक्त जाऊन बसावे. किंबहुना, 'हे तात्पुरते आहे' हे वाक्य दुसऱ्याला ऐकवण्यासाठी नाहीच असे माझे मत झाले आहे. त्या शनिवारी मला ते कोणी ऐकवले असते तर मी त्याचे तोंड पाहिले नसते.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. उचंत खात्यात रक्कम फार दिवस पडून राहिली तर लेखापरीक्षक विचारतोच, की ही कसली आणि इतके दिवस का? मनाच्या बाबतीत डॉक्टरांनी त्यासाठी मुदतही घातलेली आहे. दोन आठवडे किंवा अधिक, जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ उदासी राहिली, पूर्वीच्या आवडीच्या कशातही गोडी वाटेनाशी झाली, झोप आणि भूक बिघडली, तर ती नुसती मनःस्थिती नाही, तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. आणि जगणे नको असा विचार मनात आला, तर दोन आठवडे कशाला, दोन तासही थांबू नये. घरच्यांना, मित्राला, एखाद्या प्राध्यापकांना सांगावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि आपली भाषा निवडता येते. आपल्याला जवळ म्हणजे धारवाडची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था, डिमहान्स. तेथे जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हिशेब जुळेना म्हणून मी काकांकडे गेलो, तेव्हा मला कोठे लाज वाटली होती? थोडी वाटली होती, खरे म्हणजे. पण गेलो.

हा लेख मी तीन बैठकांत लिहिला. पहिल्या दिवशी मन प्रसन्न होते, दुसऱ्या दिवशी अंतर्गत चाचणीचा पेपर वाईट गेला होता आणि सगळे लिहिलेले फाडून टाकावेसे वाटत होते. मागच्या पानावर त्या दिवशीची ओळ आहे: "लेख भिकार झाला आहे, देऊ नये. रात्री १०.४०." खाली दुसऱ्या दिवशीची ओळ आहे: "तिसरा परिच्छेद लांबला आहे, बाकी ठीक. रात्री १०.३०." तिसरा परिच्छेद थोडा कमी करून लेख संपादकांकडे दिला.